पेट्रोल सेडान की हायब्रिड? सोलापूरच्या रस्त्यांवरचा हिशोब

गाडी बघायला निघालेल्या सोलापूरकराचा पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या हायब्रिडचा विक्रेता लगेच म्हणतो, सत्तावीस. पेट्रोलवाला म्हणतो, अठरा-एकोणीस. ऐकणारा मनातल्या मनात भागाकार करतो आणि अर्धा निर्णय तिथंच होऊन जातो. घाई होते ती इथं.

हे दोन्ही आकडे खोटे नाहीत. पण ते पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेत, रोलरवर उभ्या केलेल्या गाडीचे असतात. एसी बंद, वेग ठरवून दिलेला आणि तो कधीच ताशी ९०च्या वर जात नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून एकमेकींशी तुलना करायला तो आकडा बरा. मे महिन्यात दुपारी बारा वाजता सात रस्त्याला सिग्नलवर एसी लावून उभं राहणाऱ्या माणसाचा खर्च मात्र त्यातून निघत नाही.

आधी हा प्रश्न आपल्याकडे पडतच नव्हता. ज्याचं पुण्याला वरचेवर जाणं, तो डिझेल सेडान घ्यायचा. ज्याचं काम गावातल्या गावात, तो पेट्रोल. एप्रिल २०२३ पासून प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले आणि होंडा सिटी, ह्युंदाई वेर्ना यांसारख्या गाड्यांची डिझेल मॉडेलं बंद पडली. डिझेलची ती रिकामी जागा आपण भरतो, असं आता हायब्रिडवाले सांगतात. माझं मत असं की ते अर्धंच खरं आहे. का, ते समजायला हायब्रिड चालते कशी, हे आधी पाहायला हवं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. गाडीच्या मागे 'हायब्रिड' लिहिलं म्हणजे ती हायब्रिड झाली, असं नसतं. मारुतीच्या सियाझवर २०१५ पासून 'स्मार्ट हायब्रिड' यायचं, सेकंडहँड बाजारात अशा गाड्या आजही दिसतात. त्यात अल्टरनेटरच्या जागी थोडा ताकदवान जनरेटर असतो. तो इंजिनाला जरासा हातभार लावतो आणि सिग्नलवर बंद झालेलं इंजिन पुन्हा चालू करतो. एकट्याच्या बळावर चाकं फिरवणं त्याला जमत नाही. याला माइल्ड हायब्रिड म्हणतात आणि त्यातून होणारी बचत किरकोळ. या लेखात मी बोलतोय ती स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिन बंद असतानाही मोटरवर चालू शकणारी गाडी. आपल्याकडे साधारण वीस लाखांच्या आतबाहेरच्या सेडानमध्ये असं उदाहरण म्हणजे मे २०२२ मध्ये आलेली होंडा सिटी ई-एचईव्ही. टोयोटाची कॅमरीही स्ट्राँग हायब्रिड आहे, पण तिची किंमत चाळीस लाखांच्या पलीकडे, म्हणून ती बाजूला ठेवू.

आता आतलं काम. पेट्रोल इंजिनाचा एक जुना दोष आहे. त्याला भरपूर काम दिलं की ते पेट्रोलचा चांगला उपयोग करतं, आणि थोडंच काम दिलं की नासाडी करतं. नवी पेठेतून दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना इंजिनाला हवा घ्यायलाच बराच जोर लागतो, कारण हवेची वाट थ्रॉटलने जवळपास बंद केलेली असते. सिग्नलवर उभं असताना तर काम शून्य, तरी एसी चालू असेल तर तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जातंच. शिवाय ब्रेक मारला की गाडीला वेग देण्यासाठी जाळलेलं पेट्रोल ब्रेक पॅडमधून उष्णता होऊन उडून जातं. तेराशे किलोची गाडी ताशी ५०च्या वेगातून थांबवली की सव्वाशे किलोज्यूल ऊर्जा अशी वाया जाते. टिळक चौकापासून कुंभार वेशीपर्यंत जाताना असं किती वेळा होतं, ते तिथून गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

हायब्रिड या तिन्ही ठिकाणी हात घालते. सिग्नलला इंजिन बंद. हळू चालताना मोटर, जिला कमी वेगात नासाडीचा हा रोग नाही. आणि ब्रेक मारताना तीच मोटर उलटी जनरेटर होते, गाडीच्या वेगातून वीज काढते आणि बॅटरीत भरते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही, पण चांगला हिस्सा मिळतो. सिटी हायब्रिडमध्ये शहरातल्या वेगात इंजिनाचा चाकांशी थेट संबंधच नसतो. बॅटरी उतरली की इंजिन चालू होऊन जनरेटर फिरवतं, तेसुद्धा त्याला सोयीच्या वेगात. हायवेवर बऱ्यापैकी वेग आला की मग एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं.

इंजिनही जरा वेगळं असतं. ॲटकिन्सन पद्धतीत हवा आत घेण्याची झडप उशिरा बंद होते, त्यामुळे हवा कमी दाबली जाते पण स्फोटानंतरचा पसारा पूर्ण वापरला जातो. पेट्रोल वाचतं, ताकद थोडी घटते. दीड लिटरचं तेच माप साध्या सिटीत १२१ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) देतं, हायब्रिडमध्ये इंजिन एकटं ९८ पीएस. कमी पडलेलं मोटर भरून काढते.

"मग चार्जिंगला कुठं लावायची?" हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. कुठंच नाही. प्लगच नसतो. यातली बॅटरी इतकी लहान की महावितरणच्या बिलातल्या मापाने तिच्यात एक युनिटही वीज मावत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत तीस-चाळीस युनिट सहज असतात. ही बॅटरी दुकानातल्या गल्ल्यासारखी वापरायची असते: दिवसभर थोडं येतं, थोडं जातं, साठून काही राहत नाही. म्हणून 'बॅटरीवर किती किलोमीटर जाते' हा प्रश्न इथं लागू होत नाही. जाते ती पेट्रोलवरच, फक्त तेच पेट्रोल जास्त काटकसरीने.

आता पुणे रोडवर या. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं ताशी ९०-१००ने सलग चाललंय. सिग्नल नाही, ब्रेक नाही, म्हणजे परत मिळवायला ऊर्जाच नाही. इंजिनाला पुरेसं काम आहे, म्हणजे साधं पेट्रोल इंजिनही इथं बऱ्यापैकी नीट वागतं. आणि आता खरा शत्रू हवा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८०वरून १००वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो, १२०ला सव्वादोनपट. हवेला तुमच्या डिकीत बॅटरी आहे की नाही, याच्याशी देणंघेणं नसतं. हायब्रिड इथंही पुढे राहते, पण तो शहरातला फरक उरत नाही.

हिशोब मांडू. पेट्रोल १०५ रुपये धरू. ऑटोमॅटिक पेट्रोल सेडान शहरात एसी लावून ११ देते, हायवेला १७. हायब्रिड शहरात २०, हायवेला २१. हे आकडे मी धरलेले आहेत. तुमचा पाय जड असेल तर दोन्हीकडे कमी करा. शहरात पेट्रोलला किलोमीटरमागे ९ रुपये ५५ पैसे पडतात, हायब्रिडला ५ रुपये २५. बचत ४ रुपये ३०. हायवेवर ६ रुपये १८ विरुद्ध ५ रुपये, बचत १ रुपया १८. शहरातला एक किलोमीटर हायवेच्या साडेतीन किलोमीटरांहून जास्त वाचवतो.

याचा परिणाम गमतीचा होतो. समजा विजापूर रोडला राहणारे एक डॉक्टर आहेत. सकाळी एक हॉस्पिटल, दुपारी दुसरं, संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक. वर्षाला शहरात १२,००० किलोमीटर, बाहेरगावी ३,०००. त्यांची बचत साधारण ५५,००० रुपये. आता समजा टॉवेल-चादरीचे एक व्यापारी आहेत, दर आठवड्याला पुण्याला जाऊन येतात. हायवे २५,०००, शहर ५,०००. गाडी डॉक्टरांच्या दुप्पट पळते, आणि बचत ५१,००० रुपये, म्हणजे डॉक्टरांपेक्षाही कमी! "रनिंग जास्त असेल तर हायब्रिड घ्या" हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. डिझेलच्या काळात तो बरोबर होता, तिथूनच तो आलाय. हायब्रिडला रनिंग कुठलं आहे, हे आधी विचारावं लागतं.

आणि जुळे सोलापुरातले निवृत्त गुरुजी? वर्षाला शहरात ४,०००, आणि अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, मुलाकडे एखादी पुण्याची फेरी मिळून ३,०००. बचत एकवीस हजारांच्या आत.

आता समोरची बाजू. एकाच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिड मॉडेलमध्ये साडेतीन लाखांचा फरक धरू. किमती दर काही महिन्यांनी हलतात, तेव्हा तुमच्या कोटेशनवरचा ऑन-रोड फरक घ्या. डॉक्टरांचे पैसे सहा-साडेसहा वर्षांत वसूल. व्यापाऱ्यांचे सात वर्षांच्या आसपास. गुरुजींना सतरा वर्षं लागतील, आणि तोवर गाडीची नोंदणीही पुन्हा करावी लागेल. हे रोख पैसे देणाऱ्यांचं झालं. ते वरचे साडेतीन लाख नऊ टक्क्यांनी कर्जाने घेतले तर पहिल्या वर्षी त्यांचं व्याजच तीस हजारांच्या घरात जातं. म्हणजे गुरुजी पंपावर वाचवतील त्याहून जास्त बँकेला देतील. विक्रेता हप्ता सांगतो, बचत सांगतो. बचतीतून व्याज वजा करून कोणी दाखवत नाही.

स्वतःचा हिशोब करायला वेळ लागत नाही. आत्ताच्या गाडीवर महिनाभर शहर सोडताना आणि परत शिरताना किलोमीटर लिहून ठेवा. पुण्याला जात असाल तर लोणी काळभोरच्या पुढचे किलोमीटर शहराच्या खात्यात टाका. हडपसरला जे होतं त्याला हायवे म्हणणं धाडसाचं आहे. ॲव्हरेज मोजायचं तर टाकी-टू-टाकी मोजा: पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, चार-पाचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तसंच पुन्हा भरा, आणि किलोमीटरला लिटरने भागा.

इथवर तुलना एकाच गाडीच्या दोन भावंडांची झाली. बाजारात प्रत्यक्षात माणूस वेगळाच विचार करतो: हायब्रिडचेच पैसे द्यायचे तर त्यात पेट्रोलमधली कुठली टॉप गाडी येते? येतात चांगल्याच. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस यांचं दीड लिटर टर्बो (जादा हवा कोंबून जास्त ताकद देणारं इंजिन) १५० पीएस देतं, वेर्नाचं टर्बो १६०. अशा वेळी किमतीतला फरक बराच मिटतो आणि हिशोब हायब्रिडकडे झुकतो, कारण टर्बो गाडी शहरात पेट्रोल प्यायला कमी करत नाही. पण मग मिळतं काय ते पाहा. गळीत हंगामात बार्शीकडच्या दुपदरी रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे असतो आणि समोरून एसटी दिसत असते. त्या वेळी टर्बोचा जो पिकअप मिळतो, त्याची किंमत पंपावर मोजता येत नाही. हायब्रिडही अशा वेळी पटकन उचलते. मोटरचा २५३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पायाखाली लगेच येतो. मात्र पेडल पूर्ण दाबल्यावर इंजिन जोरात ओरडतं आणि वेग त्या आवाजाच्या मानाने वाढत नाही, असं वाटतं. काहींना ते अजिबात आवडत नाही. मला स्वतःला शहरातली तिची शांतता जास्त भावते. कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर चालणाऱ्यांची रीघ असते, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी पावलापावलाने सरकते. अशा वेळी इंजिन बंद ठेवून, क्लचला हात न लावता पुढे जाणारी गाडी म्हणजे सुख आहे. त्याच गर्दीत ड्राय, म्हणजे तेलाशिवायच्या, क्लचची ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक असेल तर क्लच तापतो, हेही टर्बो घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

डिकीकडे लोक शेवटी बघतात, आपल्याकडे ती आधी बघावी. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६, कारण बॅटरी तिथंच बसते. स्लाव्हिया ५२१, वेर्ना ५२८. दोनशे लिटरचा फरक म्हणजे दोन मोठ्या बॅगा बाहेर. सॅम्पलचे गठ्ठे घेऊन फिरणाऱ्या चादरवाल्याला हा एकच मुद्दा पुरेसा आहे. लग्नसराईत आहेराचं सामान घेऊन पाच माणसं निघाली की घरातही यावरून बोलणी ऐकावी लागतील. स्टेपनी कुठं आणि कोणत्या मापाची, हेही डिकी उघडून बघा.

उन्हाळा. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४३पर्यंत जातो आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही, हे खरं. मोबाईल उन्हात ठेवल्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण हायब्रिडची बॅटरी गाडीतल्याच थंड हवेने गार ठेवायची रीत बऱ्याच गाड्यांत असते, आणि ती हवा मागच्या सीटजवळच्या एका जाळीतून ओढली जाते. त्या जाळीसमोर पिशव्या, उशा, गोधड्या कोंबू नका. जाळीवर धूळ बसते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्या गाडीत कापसाची तूसही. सर्व्हिसिंगला ती साफ करायला आवर्जून सांगा. बॅटरीला होंडा आणि टोयोटा दोघेही ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात. दहा वर्षं गाडी ठेवायचा विचार असेल तर शेवटची दोन वर्षं तुमच्या जोखमीची. भर उन्हात गाडी उभी करून आत एसी लावून बसलात तर बॅटरी उतरते आणि इंजिन मधूनमधून चालू होतं. तो बिघाड नाही.

दुरुस्तीचं सांगायचं तर काही गोष्टी हायब्रिडमध्ये कमी झिजतात. ब्रेक पॅड जास्त टिकतात, वेगळा स्टार्टर नाही, नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्स नाही. पण नारिंगी रंगाच्या ज्या केबल असतात त्यात विजेचा जीवघेणा दाब असतो, आणि नेहमीच्या फिटरने त्यांना हात लावता कामा नये, तो कितीही जुना आणि विश्वासाचा असला तरी. म्हणून शोरूममध्ये एक प्रश्न विचाराच: हाय व्होल्टेजचं काम करणारा प्रशिक्षित माणूस सोलापुरात आहे का, की त्यासाठी गाडी पुण्याला जाणार? उत्तर गोलमोल आलं तर माझ्या मते डॉक्टरांचा हिशोबसुद्धा पुन्हा मांडावा. अडीचशे किलोमीटर गाडी टोचन करून नेण्याचा खर्च कुठल्याही बचतीच्या तक्त्यात नसतो.

कराबद्दल थोडक्यात. चार मीटरपेक्षा लांब सेडानवर पूर्वी पेट्रोलला ४५ टक्के आणि हायब्रिडला ४३ टक्के जीएसटी-उपकर बसायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना सरसकट ४० टक्के. "हायब्रिडला कर कमी" असं कोणी सांगितलं तर ते जुनं झालं. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, त्या बातमीवर विसंबून एमएच-१३च्या, म्हणजे सोलापूरच्या, गाडीचा हिशोब करू नका.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज दोन्ही गाड्यांचं थोडं घटतं. निवडीत त्याने फरक पडत नाही.

मग कोणी काय घ्यावं? शहरातच दिवसभर फिरणारा, ऑटोमॅटिक हवीच असणारा, सात-आठ वर्षं गाडी ठेवणारा आणि डिकीत फारसं न भरणारा माणूस असेल तर मी हायब्रिड सांगेन. पुणे-हैदराबाद करणाऱ्याला टर्बो पेट्रोल, आणि १००ऐवजी ८५-९०ने चालवायचा सल्ला. त्यातून जे वाचेल ते फुकटचं. गुरुजींना साधी पेट्रोल मॅन्युअल, खुशाल.

टेस्ट ड्राइव्ह मात्र विक्रेत्याच्या ठरलेल्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी सातला साखर पेठेतून न्या, एसी लावून, घरची चार माणसं बसवून. निघण्याआधी स्क्रीनवरचं ॲव्हरेज आणि बॅटरीच्या किती काड्या भरल्या आहेत ते पाहून ठेवा, आणि परत आल्यावर पुन्हा पाहा. भरलेल्या बॅटरीने निघून रिकाम्या बॅटरीने परतलात तर स्क्रीन तीससुद्धा दाखवेल. त्या काड्या भरायला लागणारं पेट्रोल पुढच्या गिऱ्हाइकाच्या फेरीत जळणार असतं.